चेनसॉ चालवणाऱ्याचा सुरक्षा संच: टीव्हीवरच्या लाकूडतोड्यांच्या अंगावर काय दिसते आणि आपण काय घ्यावे

चेनसॉ, म्हणजे फिरत्या साखळीची यंत्रकरवत, चालवणाऱ्या माणसाने अंगावर काय घालावे, या प्रश्नाचे उत्तर मुंबईत आजही बहुतेक ठिकाणी ‘जे असेल ते’ असेच मिळते. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंतच्या गृहनिर्माण संस्थांची पावसाळ्यापूर्वीची झाडछाटणी मी कंत्राटाने करतो. आमच्या टोळीसाठी अलीकडे एक पूर्ण सुरक्षा संच घेतला: जाळीचा पडदा आणि कानपट्ट्या जोडलेले हेल्मेट, पायांना करवत लागू नये म्हणून पँटवरून बांधायचे चॅप्स, हातमोजे आणि बूट. उन्हाळ्याचा एक पूर्ण हंगाम वापरून झाल्यावर त्या संचाचे हे परीक्षण लिहीत आहे. यात टीव्हीवरच्या लाकूडतोड्यांचा उल्लेख वारंवार येईल, कारण आमच्या मुलांनी ही साधने पहिल्यांदा पाहिली ती मोबाइलवर त्या कार्यक्रमांच्या तुकड्यांत, आणि कोणते साधन कशासाठी असते याबद्दलच्या त्यांच्या कल्पनाही तिथूनच आलेल्या आहेत.

या कार्यक्रमांतला सर्वांत गाजलेला ‘ॲक्स मेन’. तो अमेरिकेत हिस्टरी वाहिनीवर मार्च २००८ मध्ये सुरू झाला. समुद्रातल्या खेकडेमारीवरचा ‘डेडलिएस्ट कॅच’ ज्या संस्थेने काढला, तिनेच तो तयार केला होता आणि त्याच्या पहिल्या पर्वात ओरेगन राज्याच्या वायव्य भागातील डोंगरउतारांवर काम करणाऱ्या कंपन्या होत्या. पाठोपाठ २००९ मध्ये डिस्कव्हरीवर मेन राज्यातील ‘अमेरिकन लॉगर्स’ आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या दलदलीतील ‘स्वॅम्प लॉगर्स’ आले, तर २०२० मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर बेटावरचा ‘बिग टिंबर’ आला. या सगळ्यांत साधने भरपूर दिसतात आणि त्यांचे चित्रणही प्रामाणिक आहे, असे माझे मत आहे. जे दिसते ते खरे आहे, माणसे खरी आहेत, झाडेही खरीच पडतात. अडचण आहे ती निवडीची. कॅमेरा झाड पडण्याचा क्षण, तार तुटण्याचा क्षण आणि मुकादमाचा संताप दाखवतो. झाडाभोवती फिरून वर पाहण्यात, मागे हटण्याची वाट साफ करण्यात आणि साखळीला धार लावण्यात जाणारा वेळ मात्र क्वचितच दाखवतो. त्यामुळे पाहणाऱ्याच्या मनावर ठसतो तो धोका, आणि तो टाळण्यासाठी केलेले काम त्याच्या नजरेतून निसटते.

पडद्यावरचा माणूस पाहून संच ठरवणे धोक्याचे का आहे, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘ॲक्स मेन’मध्ये उतारावर धावपळ करणारी अनेक माणसे चॅप्सशिवाय दिसतात आणि आमच्यातल्या एकाने तेवढ्यावरून सरळ निष्कर्ष काढला होता की, अमेरिकेतले लोकही चॅप्स वापरत नाहीत. प्रत्यक्षात ती माणसे चेनसॉ चालवतच नसतात. डोंगरउतारावर उंच मनोऱ्याचे यंत्र, म्हणजे यार्डर, उभे करून त्यावरून पोलादी तारदोर खाली सोडतात. खाली पडलेल्या ओंडक्यांना चोकर नावाचे तारेचे फास अडकवून ओंडके वर ओढले जातात. फास अडकवणाऱ्याला करवतीपासून धोका नसतो. त्याला धोका असतो तो ताणलेल्या तारेच्या वळणात उभे राहण्याचा आणि ओढला जाणारा ओंडका अचानक फिरण्याचा. म्हणून त्याला हवे असते हेल्मेट, खिळ्यांच्या तळव्याचे बूट आणि पळायला मोकळे पाय. तिथल्या अनेकांच्या पँटचा खालचा काठ कात्रीने कापलेला दिसतो, तोही याच कारणासाठी: शिवलेला काठ फांदीत अडकला तर माणूस जागीच अडकतो आणि न शिवलेला फाटून सुटतो. पट्ट्याऐवजी खांद्यावरचे गॅलिस वापरण्यामागेही पँट सैल राहावी आणि पाय सहज उचलता यावा असा विचार आहे. ही माहिती कार्यक्रमातील निवेदनापेक्षा त्या माणसांच्या कपड्यांकडे नीट पाहिल्याने जास्त मिळते, आणि त्या दृष्टीने हे कार्यक्रम जरूर पाहावेत.

करवत ज्याच्या हातात आहे त्याच्यासाठी मात्र अमेरिकेतला नियम स्पष्ट आहे. तिथल्या ओशा या सरकारी यंत्रणेच्या लाकूडतोडीसंबंधीच्या १९१०.२६६ क्रमांकाच्या नियमानुसार चेनसॉ चालवणाऱ्या प्रत्येकाच्या पायांना मांडीच्या वरच्या भागापासून बुटाच्या वरच्या काठापर्यंत कापले न जाणारे संरक्षण असलेच पाहिजे, आणि हातात लोंबकळती करवत झटकून सुरू करण्यास तिथे बंदी आहे. पडद्यावर कुणी तसे करताना दिसला, तर तो अनुभवी आहे म्हणून ते बरोबर ठरत नाही.

आता चॅप्सकडे वळतो, कारण या संचातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी समजलेली वस्तू हीच आहे. वरून पाहिले तर ते जाड नायलॉनचे, कमरेला आणि पोटरीमागे बकलांनी आवळायचे दोन लांब पदर दिसतात, आणि इतके साधे कापड करवत अडवेल यावर कुणाचा विश्वास बसत नाही. कापड करवत अडवत नाही, हे खरेच आहे. ते तिला गुदमरवते. वरचा पदर साखळी सहज फाडते, पण आतल्या थरांत सैलसर विणलेले लांब, चिवट धागे असतात. साखळीचे दात ते धागे ओढून घेतात, धागे साखळीबरोबर करवतीच्या बाजूच्या झाकणाखाली जातात, तिथल्या स्प्रॉकेटभोवती, म्हणजे साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकाभोवती, गुंडाळले जातात आणि यंत्र बंद पडते. हे सगळे क्षणाच्या अंशात घडते.

विश्वास बसावा म्हणून आम्ही एक जोड मुद्दाम खर्ची घातला. छाटलेल्या गुलमोहराच्या मांडीएवढ्या ओंडक्यावर चॅप्सचा एक पदर घट्ट बांधला, ओंडका जमिनीवर पक्का केला आणि सगळ्यांना लांब उभे करून पेट्रोलची करवत पूर्ण वेगात त्यावर टेकवली. एक दबका झटका बसला आणि इंजिन बंद पडले. झाकण उघडले तेव्हा आत पांढऱ्या धाग्यांचा इतका घट्ट गुंता झाला होता की, पकडीने एकेक धागा उपटून काढताना टोळीतल्या सर्वांत थोराड माणसालाही जोर लावावा लागला. कापडावरची फाट बोटभर रुंद होती, तिच्या दोन्ही कडांनी पिंजलेल्या कापसासारखे धागे बाहेर आले होते आणि खालच्या सालीवर ओरखडाही नव्हता. त्या दिवसानंतर चॅप्स का घालायचे हा प्रश्न आमच्याकडे कुणी विचारला नाही. संच विकत घेणाऱ्या प्रत्येक कंत्राटदाराने हा एक जोड असा वाया घालवावा, असे मी आग्रहाने सुचवेन. कोणत्याही कार्यक्रमाच्या भागापेक्षा या प्रयोगाचा परिणाम अधिक होतो.

या रचनेमुळेच काही मर्यादाही येतात आणि त्या विकणारा क्वचितच सांगतो. युरोपीय मानकानुसार या कपड्यांचे वर्ग साखळीच्या वेगावर ठरतात: वर्ग १ म्हणजे सेकंदाला २० मीटर, वर्ग २ म्हणजे २४ मीटर आणि वर्ग ३ म्हणजे २८ मीटर. सेकंदाला २० मीटर म्हणजे ताशी ७२ किलोमीटर, आणि बाजारातल्या बऱ्याच करवती पूर्ण वेगात याच्याही पुढे जातात. म्हणून आपल्या करवतीच्या माहितीपुस्तिकेतील साखळीचा वेग पाहून वर्ग निवडावा. दुसरे म्हणजे, विजेवर चालणाऱ्या करवतीची मोटर कमी वेगातही जोर टिकवून धरते. त्यामुळे धाग्यांच्या गुंत्याने ती पेट्रोलच्या इंजिनासारखी बंद पडेलच याची खात्री धरता येत नाही. बॅटरीच्या करवती आता संस्थांच्या आवारातही दिसू लागल्या आहेत, आणि त्या कमी आवाजाच्या म्हणून कमी धोक्याच्या, असे मानणारे लोक मला भेटले आहेत. हा समज तातडीने सोडला पाहिजे. तिसरी मर्यादा अशी की, बहुतेक चॅप्स पायाचा फक्त पुढचा भाग झाकतात. सर्व बाजूंनी संरक्षण हवे असेल तर टाइप सी म्हणून मिळणारी पूर्ण पँट घ्यावी लागते.

खरेदी आम्ही नागदेवी स्ट्रीटवर केली. मुंबईत हत्यारे, दोर, पुल्या आणि सुरक्षेची साधने एका रस्त्यावर पाहायची असतील तर अजूनही तोच रस्ता गाठावा लागतो. तिथल्या एका दुकानात चेनसॉचे चॅप्स मागितल्यावर समोर आला तो वेल्डरचा चामडी ॲप्रन, आणि ‘यात काही होत नाही, निर्धास्त घ्या’ असे आश्वासनही मिळाले. चामडे ठिणगी अडवते. फिरती साखळी त्यातून सरळ आरपार जाते. म्हणून घेणाऱ्याने बोलण्यावर न जाता कापडाच्या आतले लेबल पाहावे: त्यावर करवतीचे चित्र, वर्ग आणि ईएन ३८१ किंवा त्याच्या जागी आलेल्या आयएसओ ११३९३ या मानकाचा क्रमांक असायला हवा. यांपैकी काहीच नसेल तर ती वस्तू कितीही जाड असली तरी चॅप्स नव्हे. आम्हाला हवे ते शेवटी दुसऱ्या दुकानात मागणी नोंदवून मिळाले आणि त्या दुकानदाराने मापाचा आग्रह स्वतःहून धरला, हे मला विशेष आवडले. लांबी बुटाच्या वरच्या काठावर थोडी येईल इतकी हवी. आखूड चॅप्स वाकल्यावर वर सरकतात आणि नडगी उघडी पडते.

मुंबईच्या हवेत हे कापड सुसह्य आहे का, याचे उत्तर मी वापरणाऱ्याच्याच शब्दांत देतो. आमचे सर्वांत जुने करवतवाले, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते मे महिन्यातल्या पहिल्या सकाळी म्हणाले, ‘‘साहेब, उकडतंय लई. पण खाली बघायची भीती गेली बघा.’’ मी म्हटले, ‘‘मामा, दर अर्ध्या तासाने करवत दुसऱ्याच्या हातात द्या, चॅप्स सोडा, पाणी प्या आणि मग परत बांधा.’’ ही पद्धत आम्ही हंगामभर पाळली. ओरेगनच्या थंड, पावसाळी डोंगरात दिवसभर अंगावर राहणारी वस्तू मुंबईच्या दमट उन्हात तशीच दिवसभर राहील, ही अपेक्षा चुकीची आहे; कामाची वेळ सकाळी लवकर ठेवणे आणि माणसे आलटूनपालटून लावणे हाच त्यावर उपाय आहे. चॅप्स नकोत म्हणून उकाड्याचे कारण पुढे करणाऱ्या कंत्राटदाराला माझी सहानुभूती नाही, कारण गैरसोय आणि गुडघ्यावरची जखम यांची तुलनाच होऊ शकत नाही.

हेल्मेटबाबत मी पूर्ण समाधानी आहे. ग्राइंडरसाठी मिळणारा पारदर्शक प्लास्टिकचा मुखपडदा आम्ही पूर्वी वापरत असू. आपल्याकडच्या दमट हवेत श्वासानेच त्यावर वाफ धरते आणि माणूस तो वर करून काम करू लागतो. जाळीच्या पडद्याला वाफ धरत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. मात्र बारीक भुसा जाळीतून आत येतो, त्यामुळे खाली साधा सुरक्षा चष्मा हवाच. कानपट्ट्यांची गरज टीव्हीवरून कधीच कळणार नाही, कारण तिथे इंजिनाचा आवाज दबून निवेदन ऐकू येईल असाच ठेवलेला असतो. प्रत्यक्षात चेनसॉचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी १०० डेसिबलच्या वर जातो, आणि अमेरिकेतील नायोश या संशोधन संस्थेच्या शिफारशीनुसार १०० डेसिबलच्या आवाजात उघड्या कानांनी दिवसात फक्त १५ मिनिटे राहावे. हेल्मेट भारतीय बनावटीचे घेत असाल तर आयएस २९२५ आणि आयएसआय चिन्ह पाहून घ्या.

कानपट्ट्यांचा एक तोटाही नोंदवायला हवा. त्या घातल्या की मागून दिलेली हाक ऐकू येत नाही, आणि आपल्याकडे सगळे काम हाकेवर चालते. या बाबतीत टीव्हीवरच्या यार्डरच्या टोळ्यांकडून खरोखर शिकण्यासारखे आहे: तिथे तार ओढायची की थांबवायची हे कमरेच्या रेडिओयंत्राने वाजवलेल्या ठरलेल्या भोंग्यांनी कळवतात आणि तो इशारा मिळाल्याशिवाय यंत्र हलत नाही. आम्ही त्याच धर्तीवर हाताच्या खुणा ठरवल्या आणि एक माणूस फक्त करवतवाल्याच्या समोर, त्याला दिसेल असा उभा ठेवला. तो दुसरे कोणतेही काम करत नाही. गृहनिर्माण संस्थेला तो रिकामा उभा वाटतो, पण त्याच्या मजुरीवर मी घासाघीस करू देत नाही.

या संचाने काय होत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार लाकूडतोडीच्या व्यवसायात दर १ लाख पूर्णवेळ कामगारांमागे १००.७ जणांचा कामावर मृत्यू झाला. सर्व व्यवसायांचे मिळून हेच प्रमाण ३.७ होते. यातले बहुतेक मृत्यू करवतीने होत नाहीत, ते पडणारे झाड किंवा फांदी अंगावर आल्याने होतात. वर अडकून राहिलेल्या सुट्या फांदीला तिथले लोक ‘विडोमेकर’ म्हणतात, आणि मुंबईत अशा फांद्यांची वानवा नाही. पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने शहरातले कितीतरी पर्जन्यवृक्ष वाळून गेले. अशा झाडाची फांदी खालून धडधाकट दिसते आणि दोर टाकताच कडकन तुटते. तीन मजल्यांवरून येणाऱ्या तशा फांदीपुढे हेल्मेट अपुरे आहे.

तिथे उपयोगी पडते ते अंतर. ओशाच्या त्याच नियमात झाड पाडणाऱ्या शेजारच्या दोघांमध्ये किमान दोन झाडांच्या उंचीइतके अंतर सांगितले आहे आणि मागे हटायची तिरकी वाट आधी साफ करण्याचे बंधनही आहे. मुंबईच्या आवारात एका बाजूला कुंपणाची भिंत, दुसऱ्या बाजूला उभ्या गाड्या आणि मध्ये पाण्याच्या टाकीचे झाकण अशी परिस्थिती असते. दोन झाडांचे अंतर कुठून आणणार? म्हणूनच टीव्हीवर दिसते तसे, खाच घेऊन, मागून काप देऊन अख्खे झाड आडवे करण्याचे तंत्र आमच्या उपयोगाचे नाही. आम्हाला फांदी दोराने बांधून, तुकड्या-तुकड्याने, हळूहळू खाली उतरवावी लागते. ते दृश्य पाहायला कंटाळवाणे आहे आणि कोणत्याही वाहिनीने ते घेतले नसते, पण आमच्या व्यवसायातले खरे कसब तेच आहे.

झाडावर चढणाऱ्याला हे चॅप्स देऊ नयेत. लोंबणारे पदर आणि बकले फांद्यांत अडकतात आणि तोल जातो. ओशाच्या नियमातही पायाच्या संरक्षणामुळे अधिक मोठा धोका निर्माण होत असल्याचे मालकाने दाखवून दिले तर चढणाऱ्यासाठी अपवाद ठेवलेला आहे. आमचा गडी वर हाताची करवत, कंबरपट्टा आणि दोन दोर घेऊन जातो. पेट्रोलची करवत मी वर नेऊ देत नाही.

हातमोजे ठीक आहेत, त्यांच्याबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. पकड चांगली आहे. बुटांनी मात्र निराशा केली. करवतीपासून संरक्षण देणारे बूट आमच्या मापात मिळाले नाहीत, म्हणून पोलादी टोपीचे साधे सुरक्षा बूट घ्यावे लागले, आणि पावलाचा वरचा भाग त्यात उघडाच राहतो. संचातली ही उणीव मी मान्य करतो आणि तिच्यामुळेच पूर्ण गुण देत नाही.

सगळा खर्च एका चांगल्या पेट्रोल करवतीच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास गेला. ज्या संस्था छाटणीचे काम देतात त्यांच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की, महापालिकेच्या परवानगीचा कागद जसा आपण काम सुरू होण्यापूर्वी पाहता, तसेच चॅप्सचे लेबलही पाहा आणि त्यासाठी दरात थोडी वाढ मागितली तर ती नाकारू नका. पूर्ण संच एकदम परवडत नसेल तर कंत्राटदाराने आधी हेल्मेट घ्यावे, त्यानंतर लगेच चॅप्स आणि मग उरलेले. वापरताना चॅप्सवर तेल व पेट्रोल साचू देऊ नये, कारण धागे चिकटले की सुटून येत नाहीत. धुण्यासाठी ब्लीच वापरू नये आणि इस्त्री करू नये. साखळीने एकदा आतले धागे ओढले की तो जोड टाकून द्यावा. वरून टाके घालून दुरुस्त केला तर टाक्यांनी आतले धागे जागच्या जागी बांधले जातात आणि पुढच्या वेळी ते साखळीत ओढले जात नाहीत. आमच्याकडे असा फाटलेला जोड लगेच मधून कापून टाकला जातो, म्हणजे तो दुसऱ्या कुणाच्या कमरेला बांधला जाण्याची शक्यता राहत नाही.